ठिपक्यांतला दिवा : हाफटोन मुद्रण आणि हळदणकरांचे म्हैसूरमधील चित्र

मराठीतील चित्रकलाविषयक लेखन पुष्कळ अंशी मूळ चित्रांवरून नव्हे, तर त्यांच्या छापील प्रतिकृतींवरून झालेले आहे. ही गोष्ट उघड असली तरी तिचा विचार क्वचितच होतो. मुंबईच्या वार्षिक प्रदर्शनांना जाऊ शकणारा रसिक मोजका होता. मासिकातल्या आर्टपेपरवरच्या रंगीत पानातून, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठातून किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवरल्या दिनदर्शिकेतून चित्र ओळखणारा वाचक मात्र सर्वदूर पसरलेला होता. त्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्षात असत ते शाईचे ठिपके, इतके बारीक की त्यांचे अस्तित्वच जाणवू नये. रंगलेपन, कुंचल्याचा फटका, कागदाचा पोत यांविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातील किती भाग चित्रकाराचा आणि किती भाग ठसे करणाऱ्या कारागिराचा, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. तो समीक्षेच्या प्रामाण्याचा प्रश्न ठरतो.

या दृष्टीने म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात असलेल्या एका चित्राचा इतिहास अभ्यसनीय आहे. सावंतवाडी येथे १८८२ साली जन्मलेले, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकलेले आणि १९०८ पासून मुंबईत स्वतःची कलासंस्था चालवणारे सावळाराम लक्ष्मण हळदणकर हे त्या चित्राचे कर्ते. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखले जाते. लोकांच्या तोंडी ते 'दिवा घेतलेली बाई' एवढेच आहे. एक तरुण स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताच्या आडोशाने ती ज्योत जपते आहे, आणि त्या बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड तिच्या चेहऱ्यावर व वस्त्रावर पसरला आहे. चित्रकाराच्या कन्येनेच या चित्रासाठी बैठक दिली होती. चित्र जलरंगातले आहे, आणि हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. म्हैसूरला ते दीर्घकाळ अंधारलेल्या कक्षात मांडले जात असे, जेणेकरून चित्रातल्या ज्योतीनेच तो कक्ष उजळल्याचा भास व्हावा. पाहणाऱ्यांची त्याविषयीची कुतूहलकथा या भासाभोवतीच विणली गेली आहे. चित्रामागे दिवा तर नाही ना, अशी शंका घेणारा प्रेक्षक त्या कथेत हटकून भेटतो.

जलरंगात उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. तैलरंगाचा चित्रकार काळोख आधी अंथरून त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा जाड थर चढवू शकतो. जलरंगाच्या चित्रकारापाशी पांढरा असतो तो कागदाचाच. ज्योत जिथे असायची तिथे कुंचला पोहोचू द्यायचा नाही, तिच्याभोवतीची पातळ पारदर्शक पुटे क्रमाक्रमाने गडद करत न्यायची, आणि एकदा पडलेले पूट मागे घ्यायचे नाही, ही त्या माध्यमाची शिस्त. पार्श्वभूमीचा खोल काळोख जलरंगात साधणे हे तर आणखीच कठीण, कारण फार पुटे चढली की रंग मळतो आणि कागद मेल्यासारखा दिसू लागतो. हळदणकरांच्या चित्राचे मोल त्यातील स्त्रीच्या सौंदर्याइतकेच, किंबहुना अधिक, या निग्रहात आहे. कोरा सोडलेला कागद आणि त्याला लागून असलेला दाट अंधार यांच्यामध्ये छटांची जी अखंड उतरण आहे, तेच या चित्राचे खरे कथानक होय.

अशा चित्राला हाफटोनची जाळी भेटते तेव्हा काय घडते, हे पाहण्यासाठी प्रक्रियेचा थोडा तपशील आवश्यक आहे. छापखान्याच्या यंत्राला राखाडी रंग कळत नाही. शाई लागते किंवा लागत नाही, एवढेच त्याचे ज्ञान. लाकडी ठशातील कोरीवकाम करणारा कारागीर ही अडचण रेषांनी सोडवी, तर शिळामुद्रक दगडावर हाताने बारीक टिपके देऊन सोडवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रणाने ती वेगळ्या रीतीने सोडवली. १८५२ मध्ये टॅलबटने विणलेल्या कापडाचा पडदा मध्ये धरून छायाचित्राची धातूच्या पत्र्यावर फोड करण्याची कल्पना मांडली. १८८० च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने या जातीची प्रतिमा छापली. जर्मनीत मायसेनबाखने १८८२ मध्ये आपली पद्धत नोंदवली, आणि पुढे काचेवर कोरलेल्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी प्रचारात आली. मूळ चित्र आणि संवेदनशील पट्टी यांच्यामध्ये ही जाळी, पट्टीपासून जरासे अंतर राखून, बसवतात. प्रकाश अधिक तिथे ठिपका एका आकाराचा उमटतो, कमी तिथे दुसऱ्या. ठिपक्यांच्या केंद्रांमधील अंतर सर्वत्र सारखेच राहते, बदलतो तो त्यांचा घेर. मग तांब्याच्या वा जस्ताच्या पत्र्यावर ती प्रतिमा उतरवून आम्लाने ठिपक्यांमधली जागा खाऊन टाकायची, पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीइतका बसवायचा, आणि अक्षरांच्या शेजारीच तो चौकटीत आवळायचा. मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापले जाऊ लागले, ही हाफटोनची क्रांती. सचित्र मासिक नावाची गोष्ट तिच्यावाचून उभीच राहिली नसती.

वृत्तपत्री कागदावर इंचाला साठ-पासष्ट रेषांची जाळी चालते, आर्टपेपरवर एकशे तेहतीस ते दीडशेची. रंगीत छपाईत पिवळा, तांबडा, निळा आणि काळा अशा प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवावी लागते. कोन चुकले तर ठिपक्यांच्या रांगा एकमेकींशी झुंजून लाटांसारखी एक नकोशी नक्षी उठते. जाळी किती अंतरावर ठेवावी, कोणत्या कोनात, भिंगाच्या झरोक्याचा आकार कोणता असावा, या प्रश्नांवर जगभर जे मौलिक चिंतन झाले त्यात कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचा वाटा मोठा होता. १८९७ पासून त्यांचे लेख इंग्लंडच्या 'पेनरोज' वार्षिकात प्रसिद्ध होत होते. महाराष्ट्रात या विद्येची दीक्षा घेतलेले सर्वांत प्रसिद्ध नाव वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले. धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात आणि पुढे रतलाम येथे त्रिरंगी ठसे व प्रकाशशिळामुद्रण यांचे शिक्षण घेतले होते. रविवर्मा मुद्रणालयासाठी त्यांनी काम केले, लोणावळ्याला स्वतःचा ठसे करण्याचा कारखाना काढला, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीचा प्रवास केला. 'राजा हरिश्चंद्र'च्या कर्त्याचा उल्लेख मुद्रणाच्या इतिहासात तळटिपेपुरता व्हावा, ही मराठी संशोधनातील एक हानी म्हणावी लागेल.

विल्यम आयव्हिन्स या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ मध्ये एक सिद्धांत मांडला. कोरीवकाम करणाऱ्या कारागिराच्या रेषेला स्वतःचे व्याकरण असते, त्यामुळे त्याच्या हातून मूळ चित्राचे केवळ भाषांतर होते. छायाचित्र व हाफटोन यांच्या आगमनाने मात्र प्रतिमा या व्याकरणापासून मुक्त झाली आणि चित्रविषयक विधान प्रथमच मध्यस्थाविना पोहोचू लागले, असे त्याचे म्हणणे. या सिद्धांताचा प्रभाव मोठा आहे, आणि लाकडी ठशांच्या तुलनेत तो बरोबरही आहे. पण हळदणकरांच्या चित्रापुढे तो टिकत नाही. हाफटोनलाही व्याकरण आहे, ते फक्त डोळ्याच्या टप्प्याखाली दडलेले आहे.

या व्याकरणाचा पहिला नियम असा की, पारंपरिक हाफटोन ठशात कोरा कागद उरत नाही. अतिशय उजळ भागातही टाचणीच्या अग्राएवढा ठिपका राहतोच. तो घालवायचा असेल तर ठसेकाराला तेवढा भाग हाताने खणून काढावा लागतो. म्हणजे जिथे हळदणकरांनी कुंचला थांबवला नेमके तिथेच जाळी काहीतरी ठेवून जाते. ज्योतीच्या गाभ्यात एक फिकट करडेपण येते, किंवा रंगीत ठशात पिवळ्याचा अंश. दुसरा नियम उलट टोकाचा. गडद भागात ठिपके इतके वाढतात की ते एकमेकांना चिकटतात, आणि मऊ कागदावर शाई पसरली की त्यांच्यातली सूक्ष्म पांढरी भोके बुजून जातात. चित्रकाराने पुटापुटाने मिळवलेला काळोख, ज्यात लक्ष देऊन पाहिले तर जांभळ्या-तपकिरी छटा हलताना दिसाव्यात, तो एक सपाट काळा पडदा होतो. उजेड थोडा मळला आणि अंधार थोडा मेला, एवढे झाले की छटांची उतरण दोन्ही बाजूंनी आखूड होते. मध्यला पल्ला शाबूत राहतो. तो पल्ला म्हणजे चेहरा, गळा, दंड, वस्त्राच्या चुण्या. प्रतिकृती पाहणाऱ्याचे लक्ष म्हणून साहजिकच स्त्रीच्या रूपाकडे जाते, दिव्याकडे नाही. मूळ चित्रात दिवा नायक आहे आणि प्रतिकृतीत स्त्री नायिका आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरणार नाही.

तिसरा नियम पोताविषयीचा आहे आणि त्याचे परिणाम सर्वांत दूरगामी आहेत. जलरंग कागदाच्या खाचांत साचतो आणि त्याचे कण दाणेदार दिसतात, तर तैलरंगाचा थर उंचवटे धरतो. छायाचित्राला तर अंगभूत पोतच नसतो. हाफटोनची जाळी या तिघांवर एकच पोत चढवते, स्वतःचा. सर्व माध्यमे एकाच चाळणीतून गाळून घेतली की माध्यमाची जात दिसेनाशी होते, आणि चित्राची ओळख केवळ विषयावरून होऊ लागते. भारतीय स्त्री, साडी, दिवा, वास्तवदर्शी रेखाटन, म्हैसूरचा राजवाडा. एवढ्या सामग्रीवरून सर्वसामान्य प्रेक्षकाला एकच नाव आठवते. म्हैसूरच्या या चित्राची प्रतिकृती राजा रविवर्म्याच्या नावावर वारंवार खपवली गेली आहे आणि आजही खपते आहे. रविवर्म्याचे निधन १९०६ मध्ये झाले, तेव्हा हळदणकर चोवीस वर्षांचे होऊ घातले होते आणि हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्माला यायचे होते. शिवाय रविवर्म्याची कीर्ती तैलरंगाची. मूळ चित्र हातभर अंतरावरून पाहिलेल्या कोणत्याही जाणत्या माणसाला ही गफलत होणे शक्य नाही. ती होते प्रतिकृतीत, कारण तिथे ज्यावरून फरक ओळखायचा तो पुरावाच जाळीने पुसलेला असतो.

येथे एक विडंबना लक्षात घेण्यासारखी आहे. रविवर्म्याला घराघरांत पोहोचवणारी छपाई हाफटोनची नव्हतीच. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या त्याच्या मुद्रणालयात दगडावरून रंगीत चित्रे निघत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि त्यावर कारागीर हाताने टिपके देऊन छटा बांधी. त्या टिपक्यांत माणसाचा हात होता. गालावरचे टिपके गोलाईच्या दिशेने वळत, वस्त्रावरचे चुणीबरोबर वाहत. म्हैसूरच्या महाराजांनी मागवलेली पुराणविषयक नऊ चित्रे रविवर्म्याने आयुष्याच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत, १९०४ ते १९०६ या काळात केली. ती मूळ तैलचित्रे आणि शिळाछापातील देवता ही दोन भिन्न सृष्टी आहेत, हे तज्ज्ञांना ठाऊक आहे. परंतु आज बाजारात 'रविवर्मा' म्हणून जे मिळते ते बहुधा शिळाछापाचे ऑफसेटवर पुन्हा छापलेले हाफटोन असते. हाताच्या टिपक्यांवर यंत्राचे ठिपके असा तो दुहेरी थर असतो. हळदणकरांचा जलरंग आणि रविवर्म्याचा शिळाछाप असे दोघेही एकाच जाळीत येऊन बसल्यावर त्यांची गल्लत झाली, यात प्रेक्षकाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

जाळीने प्रत्येकाचे नुकसानच केले असे मात्र नाही. म्हैसूरचेच के. वेंकटप्पा याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. संस्थानच्या आश्रयाने ते कलकत्त्याला गेले आणि अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले. १९१३ मध्ये निघालेल्या भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांच्या पुराणकथांच्या ग्रंथात त्यांची चित्रे रंगीत पानांवर छापली गेली. अवनींद्रनाथांच्या पठडीत चित्र पाण्यात बुडवून, पुन्हा रंगवून, पुन्हा धुऊन जे धूसर वातावरण साधले जाई, त्यात तीव्र उजेड नव्हता आणि गडद काळोखही नव्हता. सारे चित्र मधल्या पल्ल्यात तरंगत असे. हाफटोनचे सामर्थ्य नेमके तिथेच असल्याने ही चित्रे छपाईत जवळजवळ अक्षत उतरली. 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकांच्या रंगीत पानांमधून बंगाली शैली देशभर पसरली, त्याचे श्रेय राष्ट्रीय भावनेला दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्या शैलीची छटांची श्रेणी त्रिरंगी ठशाला सोयीची होती, हे कारणही हिशेबात धरावयास हवे. मुंबईच्या चित्रकारांचा उन्हाचा लखलखाट आणि गडद सावल्या त्या मानाने ठशाला अवघड जात. म. वि. धुरंधर हे याला अपवाद ठरतात, कारण त्यांनी पुस्तकासाठी चित्रे काढताना आधीच छपाईचा अंदाज घेतलेला दिसतो. किंकेडच्या १९१४ मधील दख्खनी कहाण्यांच्या पुस्तकातील त्यांची चित्रे पाहावीत. आकृतीभोवती स्पष्ट बाह्यरेषा, आत हलकी सपाट पुटे, आणि काळोख टाळलेला. चित्रकाराने मुद्रकाशी केलेला हा तह त्यांच्या स्वतंत्र तैलचित्रांत आढळत नाही.

मराठी सजावटकारांचे पुढे दोन पंथ झाले, असे ढोबळपणे म्हणता येते, आणि त्यांची वाटणी छापखान्याच्या दरपत्रकाने केली. लाइन ब्लॉक स्वस्त, साध्या कागदावरही चालणारा. हाफटोन ब्लॉक महाग, त्याला गुळगुळीत कागद हवा. त्यामुळे कथेच्या शीर्षकाजवळ रेषाचित्र आणि मुखपृष्ठावर छटांचे चित्र, अशी रूढी पडली. दीनानाथ दलाल दोन्हीकडे सारख्याच अधिकाराने वावरले. १९४५ पासून निघालेल्या 'दीपावली'ची मुखपृष्ठे आणि आतली त्यांची रेषाटने समोरासमोर ठेवली तर एकाच हाताचे हे दोन स्वभाव आहेत, असे वाटते. रघुवीर मुळगावकरांनी फवाऱ्याच्या तंत्राने रंगाचे अतिसूक्ष्म कण कागदावर बसवले. त्यांच्या देवतांच्या गालांवरची ती तुकतुकी, जिच्यावर पुढील काळातल्या समीक्षकांनी गुळमुळीतपणाचा शिक्का मारला, ती जाळीला सर्वांत मानवणारी आहे. ज्या चित्रात कुंचल्याचा फटकाच नाही, त्यातून जाळीला हरवण्यासारखे काही उरत नाही. अभिरुचीचा निवाडा काहीही असो, दिनदर्शिकेच्या कागदावर मुळगावकर जवळजवळ मूळ स्वरूपात पोहोचले आणि हळदणकर पोहोचले नाहीत, एवढे मान्य करावे लागते.

रेषेच्या पंथाचा सर्वांत मोठा प्रतिनिधी पुन्हा म्हैसूरचाच. आर. के. लक्ष्मण तिथे १९२१ मध्ये जन्मले, तिथल्या महाराजा महाविद्यालयात शिकत असतानाच वडीलबंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे काढू लागले, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी मुंबई-पुण्यात काढले. त्यांच्या कुंचल्याची रेषा जाड-बारीक होते, काळे डबके करते, पण छटेच्या वाटेला जात नाही. दैनिकाच्या खरबरीत कागदावर राखाडी पूट चिखलासारखे दिसणार, हे त्यांना पक्के ठाऊक असावे. सामान्य माणसाचा तो चौकडीचा कोट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. चौकडी ही हाताने काढलेली जाळीच आहे. तिने चित्रात एक मधली छटा येते, गर्दीत ती आकृती वेगळी उठून दिसते, आणि एकही हाफटोन ठसा लागत नाही. व्यक्तिरेखेचा वेश आणि मुद्रणाची सोय यांचा इतका बेमालूम मेळ क्वचितच आढळतो.

आतापर्यंत ज्या ठिपक्याचा विचार झाला तो लपणारा ठिपका आहे. १९६० नंतर पाश्चात्त्य चित्रकलेत त्याला मुद्दाम उघड्यावर आणले गेले. लिख्टेनस्टाइनने १९६१ पासून कॉमिकच्या पानावरचे ठिपके हातभर कॅनव्हासवर मोठे केले. काटेकोरपणे बोलायचे तर ते हाफटोनचे ठिपके नव्हेत. बेंजामिन डे याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकसारख्या आकाराच्या यांत्रिक ठिपक्यांची ती नक्कल आहे. हा फरक मराठी लेखनात सहसा पाळला जात नाही. समान ठिपका रंग सपाट भरतो, तर हाफटोनचा ठिपका आकाराने वाढत-घटत छटा घडवतो. खऱ्या अर्थाने हाफटोनचे चित्र केले ते वॉरहॉलने, वृत्तपत्री छायाचित्र रेशमी जाळीतून छापताना, आणि त्याहून अधिक सखोलपणे जर्मनीच्या झिग्मार पोल्केने. १९६३ पासून पोल्के वृत्तपत्रातील छायाचित्रे ठिपका ठिपका हाताने रंगवून मोठी करू लागला. मधूनच एखादा ठिपका चुकू देणे, वितळू देणे, हा त्याचा खेळ होता. जवळ गेले की चेहरा विरघळतो आणि दूर गेले की बातमी परत येते. प्रतिमेवरचा विश्वास किती अंतरावरून ठेवायचा, हा प्रश्न त्या चित्रात प्रेक्षकाच्या पावलांना विचारला जातो.

संगणकावर हाच परिणाम आता एका कळीवर मिळतो. मराठी नाटकांच्या जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे, संगीताच्या कार्यक्रमांची भित्तिपत्रके यांवर मोठ्या ठिपक्यांची जाळी सर्रास दिसू लागली आहे. बहुतेक ठिकाणी ती जुनेपणाची फोडणी असते. ज्या पिढीने ठशांची छपाई पाहिली नाही तिला तो जुना काळ वाटतो, एवढेच तिचे प्रयोजन. वास्तविक जुन्या मासिकात इतका मोठा ठिपका कुणी सुखासुखी ठेवला नसता. तो बारीक करण्यासाठी ठसेकाराने जिवाचा आटापिटा केला. ज्या दोषापासून सुटण्यासाठी एका कारागिरीने शंभर वर्षे खर्च केली तोच दोष अलंकार म्हणून मिरवावा, यात गैर काही नाही. कलेच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे. आक्षेप आहे तो अलंकार अकारण असण्याला. मोठा ठिपका जर प्रतिमेविषयी, ती कुठून आली आणि कुणाच्या हातून गेली याविषयी काही सांगत नसेल, तर तो छापील कापडावरच्या बुट्टीहून वेगळा नाही.

ठिपक्याशी या प्रदेशाचे नाते तसे जुने आहे. महाराष्ट्रात ठिपक्यांची रांगोळी आणि कर्नाटकात तिचीच बहीण चुक्की रंगोली रोज पहाटे दारात उतरते. तिथे ठिपका समान अंतरावर, समान आकाराचा, आणि रेषेच्या आधीचा. रेष त्याला वळसा घालते किंवा जोडते, आणि रांगोळी पुरी झाल्यावर तो तिच्यात सामावून जातो. समान अंतर हा दोन्ही जाळ्यांचा सामाईक गुण. पण रांगोळीचा ठिपका हाताला वाट दाखवतो, हाफटोनचा ठिपका हाताची खूण झाकतो. आजच्या एखाद्या चित्रकाराला ठिपक्याचे काही नवे करावयाचे असेल तर पोल्केपेक्षा ही सामग्री अधिक जवळची आहे. हळदणकरांच्या चित्राची फसलेली ओळख त्याला त्यासाठी तयार विषय पुरवते. ज्योतीच्या जागी ठिपकाच नसलेली, आणि तिथून बाहेर सरकताना वाढत जाणारी जाळी हे चित्र अद्याप कुणी केलेले नसेल, तर ते करण्याजोगे आहे.

प्रतिकृतीला मुळीच अधिष्ठान नाही, अशी भूमिका येथे अभिप्रेत नाही. वाल्टर बेन्यामिनने यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय मावळते असे म्हटले. भारतीय घरांत मात्र छापील देवाला हळदकुंकू लागते, आणि ज्या प्रतीला कुंकू लागले ती इतर प्रतींहून निराळी होते. 'दिवा घेतलेली बाई' कित्येक दिवाणखान्यांत लक्ष्मीच्या आसपासच्या जागेवर टांगली गेली. तिची फ्रेम पुसली गेली, दिवाळीला तिच्यापुढे खरा दिवा लागला. हा आस्वाद खोटा ठरवता येत नाही. अडचण इतकीच की या आस्वादाला चित्रकाराचे नाव लागत नाही, आणि ज्याला नाव लागते त्याचा या चित्राशी संबंध नाही. हळदणकर जलरंगाचे केवढे मोठे अधिकारी होते, ही गोष्ट ज्या एका चित्राने देशभर सिद्ध व्हायची, त्याच चित्राने ती झाकून टाकावी असे घडले.

जगन्मोहन राजवाड्यात प्रेक्षकांना छायाचित्रे घेण्यास मनाई असे. साहजिकच बाजारातल्या अनेक प्रती मूळ चित्रावरून नव्हे, तर आधीच्या छापील प्रतीवरून निघाल्या असाव्यात, असा तर्क बांधता येतो. त्याची खूणही तपासता येण्याजोगी आहे. छापील चित्राचे पुन्हा जाळीतून छायाचित्र घेतले की जुन्या ठिपक्यांच्या रांगा नव्या रांगांना तिरक्या छेदतात आणि सपाट भागात लाटांची नक्षी उठते. हळदणकरांच्या चित्रात असा सपाट भाग म्हणजे स्त्रीच्या पाठीमागचा काळोख आणि त्यात पडलेली तिची सावली. स्वस्त प्रतींत त्या जागी भिंगातून पाहावे. एक लाट दिसली तर ती प्रत प्रतीची प्रत आहे, नक्षीवर नक्षी चढली असेल तर आणखी एक पिढी मध्ये गेली आहे. रंगांचे ठसे जराही सरकले असतील तर बोटांच्या कडेला, जिथे मुळात तांबूस उजेड झिरपतो, तिथे गुलाबी रेघ सुटी पडलेली आढळेल. या पिढ्यांची अशी नोंद केली, तर कोणत्या पिढीपासून चित्राखालचे नाव बदलू लागले हेही बहुधा सापडेल.